मंजुषाचे फोन, मोतीरामांच्या खिशात

"नानासाहेबांचं ऑफिस म्हणजे कोण? मी." असं मोतीराम गव्हाणे दर दिवाळीला सासुरवाडीत सांगत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका बोळीत, पहिल्या मजल्यावर नानासाहेबांची घरघंटीची एजन्सी होती. घरघंटी म्हणजे घरच्या घरी दळण काढायची विजेची गिरणी. इतकी वर्षं ऑफिसात फोन एकच होता आणि तो मोतीरामांच्या टेबलावर होता. कुणाला गिरणी घ्यायची असो, कुणाची बिघडलेली असो, की नानासाहेबांच्या घरून "येताना कोथिंबीर आणा" असा निरोप असो, आधी "बोला, मी मोतीराम" हे ऐकावंच लागे. त्यांना वाटलं तर मग पुढं.

यंदा नानासाहेबांनी नवी फोन सिस्टीम घेतली आणि साकिब नावाच्या माणसानं ती दोन दिवसांत बसवून दिली. टेबलाटेबलावर फोन आले. बाहेरून फोन करणाऱ्याला आधी रेकॉर्ड ऐकू यायला लागलं. नवीन गिरणीसाठी एक दाबा, सेवेसाठी दोन, हिशेबासाठी तीन, इतर चौकशीसाठी चार. मोतीराम सगळ्यांत जुने, म्हणून त्यांना चार नंबर मिळाला.

"इतर म्हणजे सगळंच आलं की, मोतीराम," नानासाहेब म्हणाले.

मोतीरामांना ते पटलं. माणूस चारपर्यंत ऐकत थांबतच नाही, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांचा फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रुमालानं पुसून काढला. तिसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून जिन्यात जाऊन स्वतःच्या मोबाईलवरून ऑफिसला फोन लावला, रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकलं, चार दाबला आणि धावत आत आले. फोन छान वाजत होता. त्यांनीच लावला होता, त्यांनीच उचलला आणि त्यांनीच ठेवला.

समोरच्या टेबलावर मंजुषा बसायची. छावणीतून स्कूटीवर येणारी, दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. तिच्याकडं दोन नंबर. तिचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. बरं, उचलल्यावर आवाज कसा, तर गरम भाकरीवर लोणी पघळावं तसा. "हो काका. खरंय काका. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं." आणि वर पुन्हा हसणं.

मोतीरामांना फक्त अलीकडचं ऐकू यायचं. पलीकडून लोक हिला एवढं काय सांगत असतील, याचा विचार करून करून त्यांचा डबा गार व्हायला लागला. आपल्याला लोक "गिरणी बंद हाय" म्हणायचे, आपण "माणूस पाठवतो" म्हणायचो, की संपलं. हिच्याशी मात्र अर्धा अर्धा तास. ही सुखदुःखाची भाषा गिरणीत कुठून आली?

त्यात नानासाहेब आपल्या केबिनमधून बाहेर येऊन तिच्या टेबलाशी थांबायचे. "बघा, पोरीचा फोन कसा दम घेत नाय," असं सगळ्यांना सांगायचे. एकदा जाता जाता म्हणाले, "दसऱ्याला एकाला ऑफिसचा प्रमुख करून टाकू. माझ्यानं आता रोज येणं होत नाय."

ते मोतीरामांच्या टेबलाकडं बघून म्हणाले नाहीत. मोतीरामांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानं थांबणारं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साकिब सिस्टीम तपासायला आला, तेव्हा मोतीरामांनी त्याला खाली नेऊन चहा पाजला, खारी खाऊ घातली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "एकाचा फोन दुसऱ्याकडं वळवता येतो म्हणं?"

"हौ चचा, एकदम आसान," साकिब म्हणाला. "ये फॉरवर्ड का बटन दबाव. फिर जिसका फोन घुमाना है उसका नंबर, फिर जिधर भेजना है उधर का नंबर. तुम्हारा फोन इस सिस्टीम का सबसे बडा फोन है, किसी का बी घुमा सकता."

मोतीरामांनी 'सबसे बडा' एवढंच नीट ऐकलं.

"और निकालने का तरीका बी सुन लेव," साकिब म्हणाला.

"कळलं, कळलं," म्हणून मोतीराम उठले.

दुसऱ्या दिवशी मंजुषा यायच्या आधीच ते ऑफिसात हजर होते. इकडं तिकडं बघून त्यांनी बटन दाबलं, तिचा नंबर दाबला, आपला दाबला. फोननं बारीक आवाज केला. वर्गातल्या हुशार पोराची शाई आपल्या दौतीत ओतून घ्यावी, तसं त्यांना वाटलं.

मंजुषा आली, बसली, बराच वेळ फोनकडं बघत राहिली. "काका, माझा फोन आज गप्प कसा?"

"सिझन नाय," मोतीराम म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

पलीकडं खुलताबादच्या सगीराबी होत्या. शेजारपाजारचं दळण काढून द्यायच्या. "मंजुषा बाजी कू देव," त्या म्हणाल्या. बाजी म्हणजे ताई.

"मैं मोतीराम बोलता हूं. सबसे पुराना हूं यहां."

"पुराने हो तो मेरी नयी मशीन कायकू बंद पडी? रमजान में लाके दिये, ईद के पहले बैठ गई. शरम नै आती?"

मोतीरामांनी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. ते "माणूस पाठवतो" म्हणाले. त्यावर सगीराबींनी आजवर पाठवलेल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगवेगळं मत सांगितलं.

तो फोन ठेवतात तोवर दुसरा. एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या गिरणीतून पीठ येतंय का रांगोळी, ते एकदा घरी येऊन सांगा." तिसरी एक सून होती. मोतीरामांनी तिला ठसक्यात सांगितलं, "तुम्हीच ओलं धान्य टाकलं असणार." तिनं फोन सासूकडं दिला, सासूनं सासऱ्यांकडं, आणि घरातल्या प्रत्येकानं मोतीरामांची आपापल्या परीनं खबर घेतली. आणि दर फोनच्या शेवटी एकच प्रश्न, "ती ताई कुठं गेली? ती लई चांगलं बोलायची."

दुपारपर्यंत त्यांचा कान तापून लाल झाला. तेव्हा कुठं त्यांना उमगलं की मंजुषा महिनाभर हसत होती ती शिव्या ऐकत. आता माणसाचा हेवा तिथंच संपायला पाहिजे होता. मोतीरामांचा वाढला. आपल्याला शिव्या खाऊन ताप आला आणि हिला हसू येतं, म्हणजे आहे काय हे?

मंजुषानं तोवर मोकळा वेळ बघून मेकॅनिकला बरोबर घेतलं आणि राहिलेल्या गिऱ्हाइकांकडं स्वतःच निघाली. "काका, खुलताबादला जाऊन येते. सगीराबी लई दिवस थांबल्यात," असं म्हणाली.

ती गेल्यावर मोतीरामांनी फोन पूर्ववत करायचं ठरवलं. साकिबला लावला, तर फोन बंद; त्याच्या दुकानात विचारलं, तर तो जालन्याला कुणाच्या लग्नात. मग त्यांनी अंदाजानं बटन दाबलं, मंजुषाचा नंबर दाबला. फोनच्या पट्टीवर नंबर मागणारी रिकामी जागा आली. यंत्र आपलं नाव-गाव विचारतंय असं वाटून त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर घातला. हिरवा दिवा लागला. फोन एकदम शांत झाला. 'निघालं एकदाचं,' असं म्हणून मोतीराम डोकं दुखतंय सांगून लवकर घरी गेले.

घरी पोचल्या पोचल्या ते अंघोळीला गेले. वाटेत बॅटरी संपून बंद पडलेला मोबाईल चार्जिंगला लावला होता. तो वाजला आणि त्यांच्या पत्नीनं, मनकर्णाबाईंनी, उचलला.

"मंजुषाला द्या," पलीकडून जाड आवाजात एक पुरुष म्हणाला.

"कोण मंजुषा?"

"बाई, मी छावणीतून सुभेदार बोलतो. रोज संध्याकाळी या टायमाला मंजुषाशी बोलणं असतं माझं. तिच्याशी बोलल्याबगर मला भाकर गोड लागत नाय."

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. दुसऱ्या पुरुषालाही मंजुषाच पाहिजे होती. तिसऱ्या वेळी एक बाई म्हणाली, "तुम्ही मंजुषाताईंच्या घरच्या का? ताई लई गुणाची हाय बरं का."

मोतीराम टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तेव्हा मनकर्णाबाई मोबाईल हातात धरून दारातच उभ्या होत्या.

"अवो, ही मंजुषा कोण?"

"ऑफिसातली. का?"

"तिचे फोन तुमच्या खिशात कसे येतात?"

मोतीरामांच्या लक्षात सगळं एकदम आलं. "ते मीच वळवून घेतलेत," ते म्हणाले. खरं बोलल्यानं माणूस सुटतो असं त्यांनी ऐकलं होतं.

"तुम्ही? का वळवले?"

या 'का'ला उत्तर होतं, पण ते द्यायचं कसं? मुलीच्या वयाच्या पोरीचा फोन आपल्यापेक्षा जास्त वाजतो म्हणून झोप लागत नाही, हे बायकोला सांगायचं? सासुरवाडीत आपण काय काय सांगून ठेवलंय? मोतीरामांनी मनात तोलून पाहिलं, आणि बायकोला जो संशय आला होता तो त्यातल्या त्यात कमी लाजिरवाणा वाटला. म्हणून ते गप्प बसले.

ते गप्प बसणं मनकर्णाबाईंनी बरोबर वाचलं, म्हणजे चुकीचं वाचलं. त्या रात्री पिठलं होतं, पण ते वाढायला कुणी आलं नाही.

सकाळी मोतीरामांनी स्कूटरला किक मारली, तर मागच्या सीटवर मनकर्णाबाई बसलेल्या. "चला. बघू तरी."

औरंगपुऱ्यापर्यंत खिशातला मोबाईल तेवढा वाजत राहिला.

ऑफिसात मंजुषा आधीच आली होती. "काकू, या, बसा," म्हणून तिनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. मनकर्णाबाईंनी पाण्याला हात लावला नाही.

"पोरी, एक विचारू? तुझे फोन माझ्या मालकाच्या मोबाईलवर, घरी का येतात?"

"माझे? काकांकडं?" मंजुषा बावरली. "माझा फोन तर कालपासनं बंद पडलाय. मला वाटलं सिस्टीम बिघडली."

"सुभेदाराला तुझ्याशी बोलल्याबगर भाकर गोड लागत नाय म्हणं."

"अहो काकू, त्यांच्या गिरणीची जाळी सारखी चोंदते. रोज संध्याकाळी दळायला बसले की मला फोनवर धरून साफ करतात, म्हणून."

मोतीराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे होते. तेवढ्यात केबिनचं दार उघडून नानासाहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मोतीराम, खरं हाय का हे? हिचे फोन तू आपल्याकडं घेतलेस?"

"व्हय," मोतीराम म्हणाले.

"आणि मोबाईलवर बी? घरी बी?"

"व्हय."

नानासाहेब त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी मोतीरामांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, मला सांगायचंस की. काल ही पोरगी मोकळी झाली आणि एका दिवसात महिन्याच्या तक्रारी निकालात काढून आली. सगीराबींचा सकाळी मला घरी फोन आला, दुवा देत होत्या. मी म्हणलं, हिला येळ कसा मिळाला? तर शिव्या खायला तू पुढं झालास, आणि तोंडातून चकार शब्द नाय. एवढं मोठं मन हाय तुझं, मला म्हायती नव्हतं."

ऑफिसातले सगळे मोतीरामांकडं बघत होते. मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मनकर्णाबाईंनी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला आणि नवऱ्याकडं बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं. खरं सांगायची हीच वेळ होती. मोतीरामांनी ती जाऊ दिली.

"नाय, म्हणलं, पोरगी दमती," ते म्हणाले.

"मग ठरलं," नानासाहेब म्हणाले. "दसऱ्याची वाट कशाला बघायची? मंजुषा ऑफिसची प्रमुख. आणि सेवेचे फोन आजपासून तुझ्याकडं, कायमचे. मोबाईलवर बी असू दे, गिऱ्हाइकाची सोय व्हती."

तेव्हापासून मोतीरामांचा फोन थांबलेला नाही. दिवसभर ते ऑफिसात ऐकून घेतात. संध्याकाळी मात्र मोबाईल मनकर्णाबाई उचलतात. सुरुवातीला त्या लक्ष ठेवायचं म्हणून उचलायच्या, बाईचा आवाज आला तर दोन प्रश्न जास्त विचारायच्या. त्यातून ओळखी झाल्या. आता सुभेदारांची जाळी त्याच साफ करून घेतात, सगीराबी त्यांना शीरखुर्म्याचं आवतण देतात, आणि कुणाच्या ज्वारीला कीड लागली तरी फोन येतो. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत राहतो आणि मोतीराम ताटावर वाट बघत बसतात.

परवा त्यांनी मुद्दाम झडप घालून फोन स्वतः उचलला. "बोला, मी मोतीराम."

"राहू द्या," पलीकडची बाई म्हणाली, "मनकर्णाताईंना द्या. त्या लई चांगलं बोलतात."

मोतीरामांनी फोन आत नेऊन दिला. मग गॅलरीत जाऊन, दार लोटून, त्यांनी शेजाऱ्याच्या मोबाईलवरून हळू आवाजात साकिबला फोन लावला.

"साकिब, बायकोकडं जाणारे फोन आपल्याकडं वळवायचे असले, तर कुठलं बटन दाबायचं?"

साकिब आधी हसला. "चचा," तो म्हणाला, "घर में तुम्हारा फोन सबसे बडा नै है."