मोतीरामकाकांची भोकांची नळी

आमच्या मोतीरामकाकांना कोणी पाणी दिलं की ते प्यायच्या आधी गिलासात डोकावतात आणि विचारतात, "इतकं कायले?" मग अर्धं परत तांब्यात ओततात आणि उरलेलं पितात. सोयरीक पाहायला गेले तरी हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, अन् माझ्या सासऱ्याच्या तेरवीतसुद्धा हेच. एकदा दवाखान्यात त्यांना सलाईन लावली, तर नर्सबाईला म्हणाले, "बाई, गरज पाहून लावली का अंदाजानं?"

भंडाऱ्याजवळ, शहापूरच्या हायवेवरून आत वळलं की आमचं गाव. चौकात माझं किराणा दुकान, आणि तलावाखाली माझी धानाची एक बांधी, म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं खाचर. तिच्या धुऱ्याला धुरा लावून काकांची शेती, अन् शेताच्या काठालाच त्यांचं घर. ते मूळचे इथले नाहीत. गोसीखुर्द धरणाचं पाणी अडलं तेव्हा त्यांचं गाव त्यात गेलं आणि ते इथं येऊन राहिले. आता नातवंडं इथल्याच शाळेत जातात, तरी पत्ता सांगताना लोक "ते बुडीतवाले मोतीरामजी" असंच म्हणतात. वाईट हेतू नसतो, सवय आहे.

काकांना वेड एकच, डेमोचं. धान संशोधन केंद्राची गाडी हायवेवरून नुसती गेली तरी यांना घरात बसून कळतं. नवं काही निघालं की पहिला प्रयोग काकांच्या बांधीत. एका साली पेरणीचं ड्रम आणलं. रोवणा म्हणजे लावणी नाही, परे म्हणजे रोपं नाहीत, ड्रम ओढत जायचं आणि धान ओळीत पडत जाणार. धान पडलाही ओळीत. मग पाखरं आली, तीही ओळीनं बसली अन् टिपून गेली. काका धुऱ्यावरून टाळ्या पिटत होते, "पाय बाबू, पाखराइलेही लाईन समजली!"

त्याच्या पुढच्या साली पानाच्या रंगाची पट्टी आली. हिरव्या रंगाच्या छटा असतात तिच्यावर. धानाच्या पानाला लावून पाहायची, युरिया द्यायचा की नाही ते समजतं. काकांनी ती खिशातच ठेवली. जे हिरवं दिसेल त्याला लावायचे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवरी हिरव्या शालूत स्टेजवर उभी, अन् हे वर चढून शालूला पट्टी लावतात! नवरदेवाकडं वळून म्हणतात, "एक नंबर हाय जी. काही टाकाची गरज नाई." नवरदेव नागपूरचा, बिचारा "थँक्यू" म्हणाला.

कौसल्याकाकू या सगळ्याला विटलेली. न्हाणीच्या टाक्यात त्यांनी गुरांसाठी शेवाळासारखं काहीतरी पिकवलं होतं तेव्हा ती मला म्हणाली, "परमोद, लगनाच्या आधी यायनं माहा डेमो कसा काय मांगला नाई, याचाच मले इचार पडते."

पण काकांचं खरं दुःख वेगळं होतं. इतके प्रयोग झाले, साहेब आले, फोटो काढून गेले, पण गावातल्या एकाही माणसानं त्यांचं एकही तंत्र उचललं नाही. लोक धुऱ्यावर येत, पाहत, "मस्त हाय जी" म्हणत आणि घरी जाऊन बापानं केलं तसंच करत. मीही त्यातलाच. काका माझ्या दुकानाच्या फळीवर बसून म्हणायचे, "बाबू, हजार नोको. एक माणूस पायजे. माह्या मांगं एकानं तरी केलं पायजे."

अन् मग आली ती नळी. साधा प्लास्टिकचा पाईप, हातभर लांब, अंगभर भोकं. अर्धी बांधीत गाडायची, आतली माती काढायची आणि वरून डोकावायचं. जमीन वर सुकलेली दिसली तरी नळीत पाणी दिसतं. ते वीतभर खाली जाईपर्यंत धानाला पाण्याची गरज नाही. गेलं की मग द्यायचं. बस्, इतकंच. म्हणे यानं पाणी कितीतरी वाचतं आणि धान तितकाच होतो.

आता तुम्हीच सांगा, आमच्या झाडीपट्टीत हे कोणाला पटेल? आमच्याकडं धान म्हणजे पाण्यात उभा. दुसऱ्याची बांधी कोरडी दिसली तर येणारा-जाणारा आपल्या पायानं धुरा फोडून तिकडं पाणी सोडतो. वैऱ्याच्याही बांधीत सोडतो, अन् मग घरी जाऊन त्याला शिव्या देतो. आणि इथं काका मुद्दाम बांधी सुकवून पोटावर निजलेले, एक डोळा मिटून नळीत पाहतात आणि ओरडतात, "हाय! अजून हाय! सायन्स हाय बाबू, सायन्स!"

पोळ्याच्या आधी पावसानं दडी मारली. तलावाचं पाणी पाळीपाळीनं सुटू लागलं. नेमक्या त्याच दिवसांत संशोधन केंद्राच्या मॅडमचा फोन आला. टांझानियाचे शेतकरी भारतात धान पाहायला आलेत, त्यांच्याकडंही पाण्याची ओढ आहे, त्यांना तुमची नळीवाली बांधी दाखवायची आहे!

काका नाचायचेच राहिले. गावभर फिरून सांगितलं. न्हाव्याकडं जाऊन आले. काकूला म्हणाले, "अवो, समुंदरापलीकडून लोक येऊन राहिले, माही सुकलेली बांधी पाहाले!" काकू म्हणाली, "सुकलेलीच पाहाची व्हती तं इतक्या दूर कायले येतेत?"

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतच होतो, तर काका अनवाणी धावत आले. माझा हात धरून मला ओढतच आपल्या बांधीवर नेलं.

बांधी तुडुंब भरली होती. नळीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. बेडकं ओरडत होती. धुऱ्यावर पलीकडच्या बांधीवाली शेवंताबाई आणि तिच्या सोबतच्या चार बाया पदर खोचून, चिखलानं माखून, हसत उभ्या होत्या.

"पहाटेपासून लागलो जी," शेवंताबाई म्हणाली. "परदेशी पाहुणे येतीन अन् आपल्या गावची बांधी भेगाळलेली दिसन? म्हटलं, गावची इज्जत हाय का नाई? आज आमची पाळी व्हती तलावाची. समदी तुमाले देल्ली."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ज्वालामुखी फुटतो. पण त्यांनी एकदा शेवंताबाईच्या बांधीकडं पाहिलं. तिथला धान पिवळा पडला होता. पाण्याची खरी गरज तिथं होती अन् तिनं ते इथं आणून ओतलं होतं. काकांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बेस केलं बाई. लय बेस केलं."

बाया खुशीत घरी गेल्या. काका धुऱ्यावर मटकन बसले. इतकी वर्षं बुडीतवाले म्हणून राहिलेला माणूस, अन् आज अख्ख्या गावानं आपलं मानलं तेही असं! मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

एकदम त्यांनी मान वर केली. "परमोद, तुही बांधी कशी हाय?"

"कशी राहणार? मोटर जळली. भंडाऱ्याले भराले टाकली हाय. धान मरून राहिला."

"कोरडी हाय?"

"खणखणीत!"

"वा!" काका उठून उभेच राहिले. माझी मोटर जळल्याचा इतका आनंद आजवर कोणालाच झाला नव्हता, मोटर भरणाऱ्यालाही नाही.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! काका कंबरभर चिखलात शिरून नळी उपसतात, मी विटेनं ती माझ्या बांधीत ठोकतो, काका पालथे पडून आतली माती हातानं काढतात, तिकडून काकू ओरडते की गाडी शाळेजवळ आली, शाळेत पोहे सुरू झाले, चहा सुरू झाला! काका नळीत डोळा घालून पडलेले. पाणी दिसेना. माझा जीव टांगणीला. आणि मग आतून पाझर फुटला.

"हाय!" काका ओरडले. "बाबू, खाली हाय, पण हाय! तुहा धान मरून नाई राहिला, तू मरून राहिला फुकट!"

मीही पालथा पडलो. एक डोळा मिटला. खरंच, वीतभर खाली काळं पाणी चमकत होतं. कितीक दिवस मी या धानाच्या नावानं रडत होतो आणि त्याच्या मुळाशी पाणी होतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिलं.

पाहुणे आले. त्यांच्यात नीमा नावाची एक उंच, धिप्पाड शेतकरीण होती. तिनं चपला काढल्या, सरळ बांधीत उतरली आणि नळीत हात घातला. ओलं बोट वर काढून आपल्या लोकांना दाखवलं. सगळे वाकले. एकच गलका झाला. मॅडमनी तिचा प्रश्न आम्हाला सांगितला, "हे शेतकरी किती वर्षांपासून नळी वापरतात?"

मी "तीन" म्हणायला तोंड उघडलं होतं. काका म्हणाले, "आजच लावली. सकाळी."

मॅडमचा चेहरा पडला. काकांनी मात्र सगळं सांगून टाकलं. तुडुंब बांधी दाखवली, शेवंताबाईची पाळी सांगितली, माझी मोटर सांगितली. मॅडम जड आवाजात सांगत गेल्या. नीमा ऐकता ऐकता अशी हसू लागली की धुऱ्यावर बसलीच. तिच्या गावी म्हणे तिची सासू हेच करते. कोरडं दिसलं की पाट फोडते.

मग तिनं हसू आवरून आणखी एक विचारलं. तलाव तर तुमच्या डोक्यावर आहे. पाणी वाचवायचा इतका ध्यास तुम्हाला का?

डेमोबद्दल विचारल्यावर हा माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मॅडमनी पुन्हा विचारलं. काकांनी नुसती मान हलवली. नीमानं त्यांचा चिखलाचा हात आपल्या चिखलाच्या हातात घेऊन दाबला आणि सगळे शेवंताबाईच्या घरी जेवायला निघाले.

आम्ही दोघं मागं राहिलो. काका नळीकडं बघत म्हणाले, "धानाले पाणी पायजे, पाणी पायजे म्हून धरण बांधलं. लोकाइची गरज व्हती, मी नाई म्हणत नाई. पण माहं घर गेलं, देऊळ गेलं, मायले जाळलं ते जागा गेली. मले वाटते बाबू, धान अर्ध्या पाण्यात झाला असता तं... आपल्यानं आता काय होते? पण पुढं कोणाचं तरी गाव राहून जाईन."

काका उठले, खाली वाकले आणि नळी उपटायला हात घातला. त्यांच्याकडं ती एकच होती.

"राहू द्या काकाजी," मी म्हटलं.

"पाहुणे गेले ना आता."

"पाहुण्यासाठी नाई. मले पायजे. मोटर आली तरी मी इच्यात पाहूनच पाणी देईन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. थट्टा करतो का ते पाहत होते. मग नळीवरचा हात त्यांनी अलगद काढला, धुऱ्यावर उभे राहिले आणि घराच्या दिशेनं तोंडाशी हात धरून ओरडले, "अवो, आयकलं का! परमोदनं ठेवली! नळी ठेवली त्यानं!"

काकूनं आतून काहीतरी विचारलं. काका तोवर पालथे पडून पुन्हा नळीत डोकावत होते, म्हणून मग मीच ओरडून सांगितलं.