भग्न चाकाच्या शोधाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वायुदेवतेस नमन करून जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी राज्याचे प्रवासी विमान उत्तरेस निघाले. कप्तान मृणालिनीबाई सरपोतदार विमान चालवीत होत्या. धावपट्टी सोडतेसमयी डावे अंगाचे एक चाक फुटोन निखळले, आणि मनोऱ्यावरील लोकांनी बिनतारी वर्तमान दिले. बाईंनी धीर धरून इंधन जळेतोवर आकाशी घिरट्या घातल्या, आणि मग उरल्या चाकांवर विमान ऐसे अलगद उतरविले की कोणास ओरखडाही न आला. उतारू त्यांचे हात धरोन रडले.

मग दरबारी गवगवा जाहला, आणि अपराधी सत्वर दाखवावा ऐसा धोशा लागला. चाक बसविणारे इस्माईल मुजावर मिस्त्री यांस कामावरून दूर केले, आणि त्यांस अन्न गोड लागेना. चौकशीचा हुकूम त्र्यंबकराव साबणे यांस जाहला. इकडे राज्याचे दिवाणांनी बाईंस खासगीत सुचविले की, मिस्त्रीने चाक सैल बसविले ऐसा जबाब द्यावा, म्हणजे तुम्हांवर बोल येणार नाही. बाई बोलिल्या, "चाक सैल असते तर धावताना थरथर जाणवती. आम्हांस जाणवली नाही. खोटे लिहून दिले, तर खरा दोष दुसऱ्या विमानाखाली तैसाच राहील."

हे साबण्यांस कळले, आणि त्यांनी धावपट्टीपल्याडचे बाभुळबन धुंडाळविले. तेथे काट्यांत चाकाचा अर्धा तुकडा सापडला. तुटली कड बहुतेक चकचकीत, परंतु एके बाजूस काळवंडली होती. म्हणजे तेथील चीर जुनी, रंगाखाली हळूहळू वाढलेली, डोळ्यांस न दिसणारी. मग साबण्यांनी तैशा चाकांची समस्त विमाने थांबवावी ऐसे मागितले. दिवाण म्हणाले, शिमग्यास गावी जाणारे लोक ओरडतील. साबणे बोलिले, "ओरडू द्यावे. जिवंत आहेत तोवरच ओरडतील."

दिवाणांनी मान्य केले आणि विमाने थांबली. रंग खरवडून पाहता आणिक एका विमानाचे चाकास तीच चीर निघाली, आणि ते विमान दुसरे दिवशी माणसे भरून निघणार होते. दिवाण स्वतः मुजावरांचे घरी गेले, चूक कबूल केली, आणि कामावर यावे म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "येतो साहेब. पण इथून पुढं रंग काढून तपासल्याबिगर मी एकही चाक बसवणार नाही." दिवाणांनी तेच राज्यभर फर्मान केले. नवी चाके आली, पहिले विमान बाईंनी उडविले, आणि त्यांचे विनंतीवरून मिस्त्री उतारू होऊन खिडकीशी बसले. एवढी विमाने सज्ज केली, परंतु वरून जमीन ते प्रथमच पाहत होते.

येणेप्रमाणे चाक मोडले, माणूस मोडता मोडता राहिला, आणि राज्याची विमाने सुखरूप चालू लागली.