अनीसभाईंच्या फुकट व्हॉलीबॉलची जाहिरात

अनीसभाई नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, उंची विचारतात. माझ्या बहिणीच्या साक्षगंधाला आम्ही त्यांना बोलावलं होतं. बाकीचे पाहुणे नवरदेवाला नोकरी विचारत होते, घरी धान किती होतं ते विचारत होते. अनीसभाईंनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, "हात वर करा बरं." नवरदेवाला वाटलं, असेल यांच्याकडची रीत. त्यानं हात वर केला. त्याचं पाहून त्याचा बापही हात वर करून उभा राहिला.

"जवाईबापूचा हात नेटच्या वर जाते," अनीसभाई माझ्या कानात म्हणाले. "पोरगी देऊन टाका."

आमच्या वडसा गावात त्यांचं बारदान्याचं दुकान आहे. तांदळाच्या व्यापाऱ्यांकडची जुनी पोती घ्यायची, फाटलेली शिवायची आणि परत विकायची. पोती शिवायचं दाभण त्यांच्या कॉलरला कायम खोचलेलं असतं, त्यामुळे ईदला त्यांची गळाभेट घेताना लोक जरा जपूनच घेतात. वयाची साठी उलटल्यावर या माणसाच्या डोक्यात आलं की गावच्या तरुण पोरांना रोज संध्याकाळी फुकट व्हॉलीबॉल शिकवायचं. का आलं, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. नेट त्यांनी सुतळीचं स्वतः विणलं. हाताला पोत्याची सवय. नेट इतकं दाट झालं की पलीकडचा खेळाडू दिसेना.

"दिसाले कायले पाहिजे?" ते म्हणाले. "बॉल तं येतेच ना."

मैदान राइस मिलच्या मागचं. मिलवाल्या शेठनं जागा दिली, पण अट घातली. संक्रांतीपर्यंत तिथं पोरं खेळताना दिसली नाहीत, तर त्या जागेवर धानाचा कोंडा पडेल. अनीसभाई रोज संध्याकाळी नेट बांधायचे, बॉल काखेत धरून उभे राहायचे आणि अंधार पडला की नेट सोडायचे. चिटपाखरू फिरकत नव्हतं.

"पोट्ट्यायले मालूमच नाई, तं येतीन कसे?" असं म्हणून ते जाहिरातीच्या मागे लागले. आणि मागे लागले म्हणजे किती, ते मला विचारा. इथल्या लोकल केबल चॅनलवर बातम्या मी लिहितो, मीच वाचतो आणि जाताना पंखाही मीच बंद करतो. अनीसभाई रोज माझ्या चहाच्या वेळेला हजर. त्यांचं म्हणणं एकच, "मी फुकट शिकवून राह्यलो, तुम्ही फुकट सांगा. कोनाचं काय जाते?"

मी सांगायचो की टीव्हीच्या खाली जी पट्टी पळते ती सराफानं आणि कोचिंग क्लासनं आधीच घेऊन ठेवली आहे, मालक ऐकत नाही. एकदा ते म्हणाले, "कोनी मेलं तं त्याची पट्टी फुकट चालवता ना? मंग जित्या पोट्ट्यायची काऊन नाई?" मी चहा पुढे केला.

गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सांगितलं की उद्घाटनाचा फोटो असेल तर बातमी फुकट छापू. अनीसभाईंनी रिबीन बांधली. प्रमुख पाहुणा म्हणून बाजारातला सगळ्यात उंच हमाल आणला. फोटो छापून आला, पण खाली मजकूर होता, 'बारदान्याच्या नव्या दुकानाचे थाटात उद्घाटन'. दुसऱ्या दिवशी मैदानावर माणसं आली खरी, डोक्यावर फाटक्या पोत्यांचे गठ्ठे घेऊन. अनीसभाईंनी पोती घेतली. धंदा तो धंदा. मात्र घेण्याआधी प्रत्येकाला हात वर करायला लावला.

शेवटी त्यांनी दिवाकरला गाठलं. दिवाकर म्हणजे भोंग्याचा ऑटोवाला. हिवाळ्यात आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा सुकाळ असतो, आणि दिवाकर गावोगाव ऑटो फिरवून आज कुठं कोणतं नाटक ते सांगत असतो. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे त्याला दुसरा आवाजच राहिलेला नाही. घरी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तो कंप आणून सांगतो. अनीसभाईंनी त्याला फक्त दोन ओळी सांगायला सांगितलं होतं. पण ऑटो सुरू झाला आणि दिवाकरची जीभ आपल्या वाटेनं गेली. "आज सायंकाळी, मिलच्या मागच्या भव्य पटांगणावर, हृदयाला पीळ पाडणारं, सहकुटुंब पाहावं असं, फुकट व्हॉलीबॉल. आयाबहिणींसाठी बसायची वेगळी सोय."

दिवस कलायच्या आत आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं लोटली. चटया, ब्लँकेटं, फुटाण्याच्या पुड्या, तान्ही लेकरं. फुकट नाटक कोण सोडतो? मिलवाले शेठही आले आणि मानानं पुढच्या रांगेत बसले. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो. एका म्हातारीनं अनीसभाईंना विचारलं, "हिरोईन कोन हाये, भाऊ?"

"बाई, हिरोईन नाई. बॉल हाये."

"मंग तो कवा येते?"

शिट्ट्या सुरू झाल्या. दुसरा कुणी असता तर मागच्या दारानं पसार झाला असता. पण मैदानाला मागचं दार नव्हतं, आणि अनीसभाईंना आयुष्यात पहिल्यांदाच इतकी उंची एका जागी मिळाली होती. ते गर्दीत शिरले. "तू उठ. तू बी. फुटाने ठेव खाली, हात वर कर." लोक ओरडत होते म्हणून असेल किंवा लाजेखातर, पोरं उठली. नियम कुणालाच माहीत नव्हते. बॉल दोनदा म्हातारीच्या ब्लँकेटमध्ये गेला. तरी पब्लिकनं डाव उचलून धरला. हरलेली पोरं मान खाली घालून निघाली तेव्हा म्हातारीनं सवयीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पोट्टे चांगले होते. शेवट बरोबर नाई केला."

शेठनं उठताना विचारलं, "पुढचा प्रयोग कवा हाये?" कोंड्याचा विषय तिथंच संपला.

पुढे पोरं आपणहून येऊ लागली. आता तिथं खेळायला नंबर लावावा लागतो. मला वाटलं, चला, सुटलो. पण अनीसभाई माझ्या चहाला येतच राहिले. पट्टी पाहिजे म्हणजे पाहिजे.

एक दिवस मी वैतागलो. "भाऊ, आता कायले पाहिजे जाहिरात? मैदानात पाय ठेवाले जागा नाई."

त्यांनी चहा बशीत ओतून फुंकर मारली.

"आमचा इरफान हैदराबादले गेला ना," ते म्हणाले. "जायच्या आधी मले म्हने, अब्बा, वडशात संध्याकाळी करायचं काय? मी म्हटलं, दुकानात बस. दुसरं मले काही सुचलंच नाई. आता सुचलं, तं तो इथी नाई."

"मंग फोनवर सांगा त्याले."

"सांगतलं. हाव अब्बा, हाव अब्बा म्हनते. बापाचं कोन खरं मानते? टीव्हीवर पाह्यलं तं मानन." मग बशी खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तुमचं चॅनल हैदराबादले दिसते का?"

आमचं चॅनल रेल्वे फाटकाच्या पलीकडे दिसत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, अनीसभाईंना नसेल कसं?

"नाई, भाऊ."

"बरं," ते म्हणाले. "मंग ईदपर्यंत चालू ठेवजा. ईदले येते तो. घरात आला की पयले टीव्हीच लावते."

मालक काय म्हणायचा तो म्हणू दे. मी सराफाची पट्टी काढली, कीबोर्ड ओढला आणि काय लिहू ते विचारलं. त्यांनी टोपी नीट केली, जणू कॅमेराच सुरू झाला होता.

"लिहा," ते म्हणाले. "वडशात संध्याकाळी व्हॉलीबॉल असते. फुकट हाये. उशिरा आलं तरी घेते."