मेहुण्याचा लॅपटॉप आणि आपली वीज

“तिकडचा लॅपटॉप कमी व्होल्टवर चालणारा. आपली वीज लागू दे, फाटकन फुटेल!” शेजारच्या वकिलांनी निकालच देऊन टाकला.

“फुटतोय कसा? मी आहे ना!” इंजिनिअर म्हणाले.

इंजिनिअर हे त्यांचं शिक्षण नव्हे, टोपणनाव. एकदा त्यांनी जिन्यातली बेल दुरुस्त केली होती, तेव्हापासून अख्खी बिल्डिंग त्यांना याच नावाने हाक मारायची आणि ते या नावाला जिवापाड जपायचे. त्यामुळे मेहुण्याने परदेशात घेऊन आपल्या बहिणीला, म्हणजे इंजिनिअरांच्या बायकोला, दिलेला लॅपटॉप आता त्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

पैज ठरली. संध्याकाळपर्यंत इंजिनिअरांनी तो आपल्या विजेवर चालवून दाखवायचा. हरेल त्याने गेटवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकायचा आणि म्हणायचं, “मला विजेतलं काही कळत नाही.”

सुरुवातीलाच घोडं अडलं. चार्जरची पिन चपटी, भिंतीतली भोकं गोल. इंजिनिअर तडक दुकानात गेले, कन्व्हर्टर पिन घेऊन आले. ती बसली, पण चार्जरचा ठोकळा असा जड, की सगळं लोंबकळून खाली. मग त्याच्याखाली स्टूल, स्टुलावर डबा, डब्यावर इस्त्री.

“अहो, मला इस्त्री हवीय.”

“हात लावू नकोस. खांब आहे तो!”

बायकोने ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचली. “शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलंय. म्हणजे इथेही चालेल. दाबा बटण.”

“लिहिणारा बसलाय तिकडे! इथे उडाला तर सलाम तो ठोकणार की मी?”

आणि त्यांनी रेडिओवाल्या मित्राकडून व्होल्टेज उतरवणारा जुना ट्रान्सफॉर्मर उचलून आणला. गेटपासून लिफ्टपर्यंत आणताना कंबरेने तक्रार केली, ती त्यांनी फेटाळली. तमाशा बघायला वकील खालून लिफ्टने निघाले, आणि इकडे इंजिनिअरांनी डोळे मिटून बटण दाबलं.

ट्रान्सफॉर्मर घुमला, खोकला आणि... धाड! बिल्डिंगची वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. लिफ्टमध्ये वकील.

पण लॅपटॉपचा पडदा लखलखत होता! इंजिनिअर तो उराशी धरून लिफ्टच्या जाळीशी धावले. “बघा वकीलसाहेब, चालू आहे!”

“वीज आहे का?” आतून आवाज आला.

“नाही.”

“मग विजेवर कसा चालेल? बॅटरीवर चालतोय तो! पुरावा नामंजूर! आणि आधी मला बाहेर काढा!”

अडकलेल्या माणसाने मोकळ्या माणसाला इतकं चोख अडकवलेलं कुणी पाहिलं नसेल.

फ्यूज बदलला, वीज आली, वकील घामाघूम होऊन बाहेर पडले. लिफ्ट मात्र रुसली ती रुसलीच. इंजिनिअर मागे हटणारे नव्हते. बाह्या सरसावून, दातांत स्क्रू-ड्रायव्हर धरून ते ट्रान्सफॉर्मर उघडायला बसले.

तेवढ्यात बायकोने इस्त्री उचलली. खांब कोसळला. तिने सरळ फरशीलगतच्या सॉकेटमध्ये पिन खोचली, ठोकळा जमिनीवर ठेवला आणि बटण दाबलं. चार्जिंगचा दिवा लागला.

“लागला की! आता मी कपड्यांना इस्त्री करून घेऊ?”

“जिंकलो!” इंजिनिअर ओरडले. तोंडातला स्क्रू-ड्रायव्हर पायावर पडला.

“कोण जिंकलं?” दारातून वकील म्हणाले. “चालवून तुम्ही दाखवायचा होता. दाखवला वहिनींनी.”

“पण फुटला कुठे?”

“फुटला की! तुमचा डबा फुटला, फ्यूज फुटला, लिफ्टमध्ये मला घाम फुटला. अजून काय काय फोडायचंय?”

इंजिनिअरांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

“मला कशाला साक्षीला ओढता? मी इस्त्री घ्यायला आले होते.”

संध्याकाळी इंजिनिअर गेटवर ताठ उभे राहिले. हरले तरी शब्दाचे पक्के. पहिल्याच आल्या सहाव्या मजल्यावरच्या मावशी, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. इंजिनिअरांनी सलाम ठोकला आणि पुटपुटले, “मला विजेतलं काही कळत नाही.”

मावशींनी बंद लिफ्टकडे पाहिलं. मग जिन्याकडे. मग सावकाश इंजिनिअरांकडे.

“असं तोंडातल्या तोंडात नको, भाऊ. मी आता चढायला लागते. माझ्या दारात पोचेपर्यंत ऐकू आलं पाहिजे.”

इंजिनिअरांनी घसा साफ केला, आणि मावशींच्या पहिल्या पायरीबरोबर बिल्डिंग दणाणली.