शून्य तंट्यांची वस्ती

शांतता ही अत्यंत नाजूक वस्तू असल्यामुळे ती सर्वसामान्य लोकांच्या हाती सोपवून चालत नाही. लोक ती रोज वापरतात, आणि वापरली की कोणतीही वस्तू झिजते. म्हणून जबाबदार कार्यालयं शांतता कपाटात, कुलपात आणि तीन प्रतींत ठेवतात.

आपल्या या वस्तीला हे शहाणपण उशिरा सुचलं. तोवर वरच्या गल्लीतले आणि खालच्या गल्लीतले लोक शांततेत राहत होते खरे, पण विनापरवाना. दोन गल्ल्यांच्या मधे एक रस्ता, आणि रस्त्यावर एकच नळ, एकच दवाखाना, एकच किराणा दुकान. दोन्हीकडच्या प्रार्थना वेगळ्या, आडनावं वेगळी आणि शेवटचा रस्ता वेगळ्या दिशेला जाणारा. गुडघे मात्र दोघांचे सारखेच दुखत (दवाखान्याची नोंदवही साक्षीला आहे). शंभर वर्षांत इथे दंगल झाली नव्हती, आणि ती का झाली नाही याचा एकही कागद कुठे सापडत नव्हता. कागद नसलेल्या गोष्टीवर कार्यालयाने विश्वास कसा ठेवावा? तेव्हा ‘तंटापूर्व प्रतिबंध कक्ष’ स्थापन झाला आणि त्याच्या समन्वयकपदी जावकरावांची नेमणूक झाली.

जावकराव हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. एकवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारता मारता ते चिकटलं, आणि पुढे पुढे बायकोही पाहुण्यांसमोर तेच घेऊ लागली. माणूस सज्जन. या पदासाठी त्यांची निवड होण्याचं कारण असं, की एकवीस वर्षांत त्यांच्या टेबलासमोर एकही वाद झाल्याची नोंद नव्हती. (सहा टेबलं फिरून तिथे पोचलेल्या माणसात वाद घालण्याइतका जीव उरत नसे. पण नोंद ती नोंद.)

जावकराव वरच्या गल्लीतले. कार्यालय सुटलं की साडेपाचला ते खालच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घड्याळवाल्याच्या पायरीवर जाऊन बसत. दोघांत मिळून एक वर्तमानपत्र असे. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेला, आणि जावकराव मांडीवर शब्दकोडं घेऊन.

“आडवा सात. पाण्यातला प्राणी, तीन अक्षरी. मगर.”

“कासव,” घड्याळवाला मान वर न करता म्हणे.

“अरे, उभ्या शब्दाचं पहिलं अक्षर म आहे!”

“तो उभा शब्दच तू चुकीचा लिहिलायस.”

इथून जे सुरू होई ते चौथ्या दुकानापर्यंत ऐकू जाई. दोघंही एकमेकांची अक्कल काढत, एकमेकांच्या शाळा काढत, आणि पावणेसातला “उद्या ये, दाखवतो तुला” म्हणून उठत. एकवीस वर्षांत हा कार्यक्रम चुकला नव्हता.

कक्षाचं काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून वरून एक सल्लागार बाई आल्या. त्यांनी आशिया खंडातल्या अकरा देशांत सलोखा निर्माण केला होता (त्यांपैकी चार देशांत तो अजून टिकून आहे). बाई बोलायला गोड होत्या आणि त्यांच्याकडे चव्वेचाळीस प्रश्नांचा अर्ज होता. तो घरोघरी भरून घ्यायचं काम जावकरावांकडे आलं. नववा प्रश्न महत्त्वाचा होता: ‘मागील आठवड्यात दुसऱ्या समाजातील व्यक्तीशी आपला किती वेळा वाद झाला?’

“सहा,” घड्याळवाला म्हणाला.

“सहा?”

“रविवारी दुकान बंद असतं.”

“अरे, पण ते तर माझ्याशीच ना!”

“मग तू दुसऱ्या समाजातला आहेस की नाहीस?”

जावकरावांनी विचार केला. एकवीस वर्षांत हा मुद्दा कधी निघाला नव्हता. “आहे बुवा,” ते जरा ओशाळून म्हणाले.

“मग लिही सहा. आणि अक्षर नीट काढ.”

निकाल आला तेव्हा कक्षाने बेरीज दोनदा तपासली. शंभर वर्षं ज्या वस्तीला शांत समजत होतो तिच्यात एका आठवड्यात तीनशे बारा तंटे! नळावर रोज सरासरी अठरा. दवाखान्यातल्या बाकावर सात. खालच्या गल्लीतल्या एकट्या शिवणकामवाल्या बाईंच्या नावावर अकरा, आणि त्यांतले पाच खुद्द जावकरावांच्या बायकोशी. घड्याळवाल्याच्या अर्जावर सल्लागार बाईंनी लाल शाईने ‘अतिसंवेदनशील’ असं लिहिलं.

अख्ख्या वस्तीत फक्त एका माणसाचा आकडा शून्य होता. निवृत्त हेडमास्तर चौदा वर्षांत रस्ता ओलांडून पलीकडे गेले नव्हते. त्यांना ‘सलोखादूत’ ही पदवी आणि प्रशस्तिपत्र देण्यात आलं. उत्तरादाखल ते म्हणाले, “त्या लोकांविषयी माझ्या मनात काही एक नाही. मी तिकडे बघतच नाही.” बाईंनी हे वाक्य टिपून घेतलं.

पुढचा तर्क सरळ होता. सत्त्याण्णव टक्के तंटे एकमेकांना भेटणाऱ्या माणसांत होतात (उरलेले तीन टक्के फोनवर). तेव्हा भेटणं थांबवलं की तंटा उपाशी मरेल. त्यानुसार ‘समतोल वावर वेळापत्रक’ तयार झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार रस्ता, नळ, दवाखाना आणि दुकान वरच्या गल्लीचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार खालच्या गल्लीचं. रविवारी सगळे घरात. आजारी पडताना नागरिकांनी वाराचं भान ठेवावं, अशी शेवटी नम्र सूचना होती.

घड्याळाचं दुकान रस्त्यावर असलं तरी मोजमापात खालच्या गल्लीत निघालं, त्यामुळे ते फक्त खालच्यांच्या दिवशी उघडायचं ठरलं. त्या आदेशावर शिक्का जावकरावांनीच मारला. मारताना छातीत काहीतरी गलबललं, पण गलबलण्यासाठी रकाना नव्हता.

घरी बायकोने आदेश दोनदा वाचला. “म्हणजे मी तिच्याकडे शिवायला जायचं नाही?”

“वरच्या गल्लीतही शिवतात की.”

“शिवतात. पण तिच्याशी तंडल्याशिवाय कपडा अंगाला बसत नाही माझ्या.”

“शांततेसाठी थोडं सैल घालावं माणसाने,” जावकराव म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या घरातला तंट्यांचा आकडा त्या दिवशी वाढला. तो अंतर्गत असल्याने मोजला गेला नाही.

योजनेचं यश वादातीत होतं. तीनशे बाराचे एक्केचाळीस झाले, मग सहा, आणि तिसऱ्या महिन्यात शून्य. इतर देशांतून पथकं वस्ती पाहायला येऊ लागली. त्यांनी नळाचे फोटो काढले, कारण नळावर कुणीच नव्हतं. भांडकुदळ म्हणून जगजाहीर असलेल्या शिवणकामवाल्या बाई दारात गप्प बसून असत, आणि पाहुणे म्हणत, किती हा बदल! जावकरावांना दोन वेळा टाळ्या मिळाल्या. साडेपाचला ते आता थेट घरी येत आणि एकट्यानेच शब्दकोडं सोडवत. हरकत घेणारं कोणी नसल्यामुळे ते रोज पूर्ण सुटे, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं चुकलेलं निघे.

पाचव्या महिन्यात वरच्या गल्लीतल्या काही जणांना गच्चीवरून दिसलं, की खालच्या गल्लीत दगडांचा ढीग पडला आहे. त्याच सुमारास खालच्यांना दिसलं, की वरच्या गल्लीत काठ्यांच्या मोळ्या रचल्या आहेत. पूर्वी असं काही दिसलं की नळावरची पहिली बाई विचारायची, “काय गं, हे काय मांडलंय?” आता विचारायला समोर कुणी नव्हतं. मग दोन्हीकडच्या लोकांनी उत्तरं घरीच तयार केली. घरी केलेली उत्तरं भलतीच चविष्ट असतात. दोन दिवसांत ढिगाचे तीन ढीग झाले आणि साठ काठ्यांच्या सहाशे. हेडमास्तर चौदा वर्षांत प्रथमच गच्चीवर चढले आणि म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?” (ते खरोखरच म्हणत नव्हते. ते त्या लोकांविषयी बोलतच नसत.)

जावकरावांनी तातडीने वर कळवलं: ‘तंटे शून्य. दगड, एक ढीग. काठ्या, अंदाजे साठ. लोक झोपत नाहीत.’ उलट टपाली उत्तर आलं: ‘दगड व काठ्या यांसाठी विहित नमुन्यात रकाना नाही. शून्य कायम राखावे.’

रविवारी चार वाजता लोक बाहेर पडले. रविवारच का, तर तो दिवस वेळापत्रकात कुणाचाच नव्हता. वेळापत्रक मोडायचं नाही, हे भान तेवढ्यातही दोन्ही बाजूंनी राखलं. इकडे साठेक माणसं, तिकडे साठेक, मधे कोरडा रस्ता. कोणी घोषणा देत नव्हतं, शिवी देत नव्हतं. शंभर वर्षांत त्या रस्त्यावर इतकी शांतता कधीच नव्हती.

जावकराव लोकांना थांबवायला म्हणून धावत गेले होते. गर्दीत मेव्हण्याने त्यांच्या हातात काहीतरी कोंबलं. रस्त्याच्या कडेला पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं, तर ती काठी होती, आणि आपण ती घट्ट धरली आहे हेही त्यांना तेव्हाच समजलं. त्यांनी मान वर केली. समोर पहिल्या रांगेत घड्याळवाला उभा होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणाऱ्या त्याच्या बोटांत मुठीएवढा दगड होता. पाच महिन्यांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. घड्याळवाला वाळला होता.

समन्वयकाने अशा वेळी काय म्हणावं हे प्रशिक्षणात दोन तास शिकवलं होतं. जावकरावांना त्यातला एकही शब्द आठवेना.

आणि घड्याळवाला ओरडला, “कासवच होतं ते!”

“काय?”

“आडवा सात, शेवटच्या दिवशीचा! दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं छापून. कासव! पाच महिने थांबलोय मी तुला सांगायला, गाढवा!”

“मग उभा शब्द काय होता?” जावकराव पुढे झाले.

“कारकून! स्वतःचा धंदा ओळखता येत नाही तुला!”

“कारकून? मी लिपिक आहे, लिपिक!” जावकराव रस्त्याच्या मधोमध आले. घड्याळवालाही आला. पावणेसातपर्यंत चालणारं भांडण पाच महिन्यांच्या थकबाकीसह सुरू झालं. दगड आणि काठी हातवारे करायला अडचणीची होऊ लागली, तेव्हा दोघांनी ती खाली टाकली.

मागून जावकरावांची बायको गर्दी कापत आली. “आणि तू गं! माझ्या बाह्या कुठायत?” ती पलीकडे बघून कडाडली. शिवणकामवाल्या बाई पदर खोचून पुढे. “बाह्या? पाच महिने माप द्यायला आलीस का?” मग कुणाला आपली शिडी आठवली, कुणाला उसना नेलेला पाना, कुणाला गटार. बघता बघता रस्ता भरून गेला.

“ते दगड कशाला जमवलेत?” कुणीतरी विचारलंच.

“अंगणात चिखल होतो म्हणून! आणि तुमच्या काठ्या?”

“टोमॅटोच्या वेलांना! विचारायचं होतं ना!”

“कधी विचारू? सोमवारी?”

त्या संध्याकाळी एकूण त्रेपन्न भांडणं झाली. एकालाही खरचटलं नाही, फक्त पुष्कळांचे घसे बसले. दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही सगळे नळावर आले. आदेश रद्द झाला नाही, तो लोकांच्या लक्षातून गेला. हेडमास्तर गच्चीवरून सावकाश उतरले.

जावकरावांनी प्रामाणिकपणे अहवाल पाठवला: तंटे, त्रेपन्न. खंडभरात एका संध्याकाळचा हा उच्चांक ठरला. वस्तीचा ‘शून्य तंट्यांची वस्ती’ हा दर्जा तत्काळ काढून घेण्यात आला, कक्ष बंद झाला आणि जावकरावांची रवानगी आवक-जावकला झाली. ते साडेपाचला मोकळे होऊ लागले, एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं.

प्रकरणाच्या चौकशीला पाच विद्वानांची समिती आली. जावकरावांनी त्यांना सगळं सांगितलं, इथे सांगितलं तसंच. ऐकून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, “ते सगळं ठीक. पण आपल्यात म्हणून सांगा, खालचे म्हणजे नेमके कोण हो?”

तुम्ही, वाचकहो, असं काही विचारणार नाही. तुम्हाला गरजच पडली नाही. या गोष्टीत दोन्ही गल्ल्यांची नावं कुठेही दिलेली नाहीत. तरी वर कोणाला ठेवायचं, खाली कोणाला, आणि ते दगड खरंच चिखलासाठी होते यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे तुमचं केव्हाच ठरलं होतं.