न निघणारे मोजे

बाळाच्या पायातून कधीच न निघणारा मोजा आपण शोधून काढलाय, याबद्दल ढब्बूच्या आईला तीळभर शंका नव्हती. ढब्बू रविवारी दुपारी झोपला की वेळ चोरून, सतरा जोड्या उसवून, अठराव्या जोडीत तिने आतून अशी तिरकी पट्टी बसवली की बोटांकडून ओढलं की मोजा घोट्याशी आणखीच आवळायचा. तिने स्वतः ओढून पाहिला. नवऱ्याने ओढून पाहिला. मोजा ढिम्म!

"आता पेटंट!" ती म्हणाली.

पेटंटचे वकील फोनवर गंभीरपणे म्हणाले, "अर्ज होईपर्यंत बाहेरच्या कुणालाही दाखवू नका. एकदा जगाने पाहिलं की नवेपणा गेला."

अर्जाला पैसे हवेत. पैसे नणंदेकडे. तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. दुसऱ्या दुकानासाठी पै-पै जमवलेली. ती आठवड्याने येणार होती. पण चाचणीसाठी मोजा तर दिवसभर ढब्बूच्या पायात, आणि ढब्बू रोज पाळणाघरात!

मग आईने ढब्बूचे दोन्ही पाय टॉवेलात गुंडाळले आणि वरून पिना लावल्या. ढब्बू पोस्टाने पाठवायच्या पार्सलसारखा दिसू लागला.

"अहो, भर उन्हाळ्यात?" पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या.

"त्याचे पाय नाजूक आहेत. सोडू नका हं!"

नाजूक! संध्याकाळपर्यंत शेजारीण मलम घेऊन हजर. "माझ्या भाच्यालाही असंच झालं होतं. लपवू नये गं." दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन, "पायाला काय झालंय माझ्या राजाच्या? खरं सांग!" तिसऱ्या दिवशी पाळणाघरातल्या बाईंनी हळूच विचारलं, "बोटं... पाच आहेत ना?"

पाचच होती, एकेक वाटाण्याएवढी, आणि तीन दिवसांत आईनेही ती फक्त आंघोळीच्या वेळी पाहिली होती.

नणंद आली ती थेट मुद्द्यावर. "दाखव."

"ताई, आधी या कागदावर सही. पाहिलेलं कुणाला सांगणार नाही म्हणून."

"घरातल्या घरात?"

"तुमचं दुकान आहे ना!"

ताई हसल्या, पण चष्मा लावून, अक्षर न् अक्षर वाचून सही केली. "हे बघ, मी पाहिलं की जोखीम तुझी, न पाहता पैसे दिले की माझी. मला दुसरं दुकान एकदाच काढता येणार आहे. किती बाळांवर करून पाहिलंस?"

"एका."

"उघड्यावर?"

"टॉवेलात."

ताईंनी चष्मा काढला. आईने पिना काढल्या, टॉवेल सोडले, ढब्बूला सतरंजीवर बसवलं.

ढब्बूने पायांकडे पाहिलं. जुने मित्र भेटल्यासारखा चेहरा झाला त्याचा! बोटांकडून ओढायच्या फंदात तो पडलाच नाही. डाव्या पायाची टाच उजव्याच्या घोट्यावर ठेवली, खाली रेटली, आणि मोजा सुटून ताईंच्या मांडीवर!

"टाचेने!" आई ओरडली. "आम्ही हातानेच ओढत बसलो!"

"तुम्ही मोठी माणसं ना." ताई मोजा उलटा करून पट्टी निरखू लागल्या. "कल्पना चांगली आहे गं. पण आज पेटंट घेतलं असतंस, तर निघणारा मोजा आयुष्यभर तुझ्याच नावावर राहिला असता. चोराची भीती नंतर. आधी चोरण्याजोगा तरी होऊ दे."

"म्हणजे पैसे...?"

"बाजूला ठेवते. तू दहा बाळं शोध, त्यांच्या आयांच्या सह्या घे, आणि मोजे घालून नुसती बघत बस. हात लावू नकोस."

तेवढ्यात दुसराही मोजा गेला. आईने पेन्सिल घेतली आणि ढब्बूशेजारी सतरंजीवर चक्क आडवी होऊन ती टाच बघू लागली. मग मान वर करून हळूच म्हणाली, "ताई, हे... कुणाला सांगणार नाही ना?"

"सांगू कशी?" ताई म्हणाल्या. "सही केलीय मी!"