घोडकेकाकांची साखर

मधुमेह झाला नाही म्हणून हिरमुसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते इथं कॅनडात, मार्कहॅममध्ये, आमच्या शेजारच्या घरात राहतात. नाव प्रभाकर घोडके, मूळ गाव नागपूर, आणि सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. पलीकडचे चिनी आजोबासुद्धा 'काका' म्हणूनच हाक मारतात. ते त्यांचं पहिलं नाव आहे, असा आजोबांचा समज आहे.

त्या सकाळी मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. काका त्यांच्या गराजसमोर हातात फावडं धरून नुसतेच उभे होते. बर्फ जिथल्या तिथं.

"काका, बरं आहे ना?"

"रिपोर्ट आला," ते म्हणाले. "सगळं नॉर्मल."

"अरे वा! अभिनंदन!"

"अभिनंदन काय करतेस, मेघा? बापाले शुगर होती. तिन्ही भावायले हाये. बहिणीले हाये. बहिणीच्या नवऱ्यालेसुद्धा झाली, त्याचा तं आमच्या रक्ताशी संबंधही नाही. मीच एक नापास."

हे दुःख समजायला काकांचा आकार आणि इथला नियम, दोन्ही माहीत हवेत.

काका उंचीला बेताचे, बाकी सगळ्या बाजूंनी सढळ. आमच्या खालच्या वॉशरूममध्ये ते थोडे तिरके होऊन जातात. कोटाची चेन लावायला घेतली की ती कुठून सुरू होते हे त्यांना दिसत नाही, त्यामुळे समोर जो असेल त्याला "लागली काय?" असं विचारतात. एकदा कुरियरवाल्याने गुडघ्यावर बसून त्यांची चेन लावून दिली होती.

आता नियम. पासष्टीच्या पुढच्या माणसाला इथं सरकारी योजनेतून औषधं मिळतात. ते पोटात टोचायचं, वजन उतरवणारं इंजेक्शनही मिळतं, पण साखर असेल तर. नुसतं वजन असून भागत नाही. म्हणजे काका अर्धे पात्र होते.

आणि काकांना नियम फार प्रिय. निवृत्त होईपर्यंत त्यांनी इथल्या एका नगरपालिकेत सांडपाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे काढले. त्या नोकरीतून ते एक प्रश्न घेऊन बाहेर पडले: "नियमात बसते काय?" कचऱ्याचा डबा मी आदल्या संध्याकाळी बाहेर ठेवला, की कुंपणावरून प्रश्न यायचा. पाहुण्यांची गाडी रस्त्यावर लावली, की प्रश्न. माझ्या मुलीने, इराने, उन्हाळ्यात घरासमोर लिंबू सरबताचं टेबल मांडलं तेव्हा काकांनी तिलाही विचारलं, "नियमात बसते काय हे?"

"काका, इट्स जस्ट लेमनेड."

"हाव, पण परवानगी?" असं म्हणत त्यांनी सरबताचा अख्खा जग संपवला. पुरावा नष्ट करावा तसा.

त्यांचा मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असतो. तो फोनवर कळकळीने सांगायचा, "बाबा, मी घेऊन देतो ना ते इंजेक्शन. कशाला त्या योजनेच्या मागे लागता?" काका ऐकायचे नाहीत. "सरकारनं देल्लं तं औषध," ते मला म्हणाले. "आपण इकत आणलं तं शौक. या वयात मी बारीक व्हायचा शौक करू काय? लोक काय म्हणतील?"

"पण काका, एवढी निकड कसली आहे?"

"गुडघे," ते म्हणाले. मी गुडघे मान्य केले.

तर नापास झालेल्या माणसाने जे करायचं ते काकांनी केलं. ते अभ्यासाला बसले. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळात तिळगूळ चिमटीने घेतात, काकांनी ओंजळ पुढे केली. कुणाच्या घरी सत्यनारायण असला की ते शिऱ्याच्या पातेल्याशेजारची खुर्ची पकडायचे. मंडळातल्या एक बाई काळजीने म्हणाल्या, "काका, जपून हो, गोड फार होतंय." काका वाटीतून मान वर न करता म्हणाले, "जपूनच चालू आहे."

मी एकदा स्पष्टच बोलले. "हा वेडेपणा आहे. आजार कुणी मागून घेतं का?"

"घोडक्याच्या घरात मागा लागतच नाही, बाई. आपल्या पायानं येते. माह्याच दारात काहून अडली, तेच पाहून रायलो."

पुढचा रिपोर्ट आला. साखर पुन्हा नॉर्मल, वजन मात्र वाढलेलं. आमची आणि काकांची फॅमिली डॉक्टर एकच आहे, एक शांत इराणी बाई. त्या दिवशी काकांना मीच गाडीने नेलं होतं, त्यामुळे पुढचं माझ्या देखत झालं.

"मिस्टर घोडके, धिस इज गुड न्यूज."

"फॉर हूम?" काकांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. हल्ली काय काय खाता, असं विचारलं. खोटं बोलणं काकांच्या नियमात बसत नाही. त्यांनी बासुंदीपासून सुरुवात केली. मग श्रीखंड, मग संत्रा बर्फी, ती नागपूरहून कोण घेऊन आलं, त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं. आधी डॉक्टर लिहून घेत होत्या. मग त्यांनी लिहिणं थांबवलं आणि हनुवटीखाली हात ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी काकांकडून वचन घेतलं, आजपासून गोड बंद. डॉक्टरचा शब्द म्हणजे नियमच. काकांनी त्या दिवसापासून चहासुद्धा बिनसाखरेचा केला आणि इंजेक्शनाचं नाव टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात काका, हातात पेढ्यांचा डबा.

"घे. झाली."

"कोण झाली? नात?" मला बर्नाबीच्या मुलाची आठवण झाली.

"मले झाली. शुगर."

मनधरणी सोडल्यावर ती आपल्या पायाने आली होती. काकांनी गल्लीत पेढे वाटले. चिनी आजोबांनी दोन्ही हातांनी पेढा घेऊन वाकून अभिनंदन केलं. कशाचं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मी डबा काकांपुढे धरला तर त्यांनी हात आडवा केला. "छे छे. मले चालत नाही आता." हे म्हणताना त्यांची मान ज्या ऐटीत वर झाली, तशी ऐट मी सेवानिवृत्त न्यायाधीशांतही पाहिलेली नाही.

पण सरकार म्हणजे सरकार. आधी गोळ्या, गोळ्यांनी भागलं नाही तर इंजेक्शन. काका गोळ्या वेळच्या वेळी घ्यायचे, मनातून मात्र गोळ्यांच्या विरोधात असायचे. "इमानदार निघाली तं गेलो कामातून," असं गोळीकडे पाहत म्हणायचे आणि गिळायचे. सुदैवाने गोळी त्यांच्या पोटाला मानवली नाही आणि साखरही हलली नाही. डॉक्टरांनी शिफारस लिहिली, वरून मंजुरी आली, आणि काका फार्मसीतून ती लहानशी पिशवी देवळातून प्रसाद आणावा तशी घेऊन थेट आमच्याकडे आले.

कारण एवढ्या खटपटीत एक गोष्ट ते बोलले नव्हते. त्यांना सुईची भीती वाटते.

आमच्या डायनिंग टेबलापाशी खुर्चीत बसून त्यांनी शर्ट वर केला. मी सूचना वाचत होते. ते भिंतीकडे तोंड करून घाम पुसत होते. आधी पाणी प्यायले. मग पंखा लाव म्हणाले. बाहेर बर्फ पडत होता. मग बर्नाबीला फोन लावला आणि मुलाला घर कुणाच्या नावावर आहे याची आठवण करून दिली. शेवटी डोळे गच्च मिटून त्यांनी इंजेक्शनचं पेन पोटाला लावलं आणि दाबलं. टक् असा आवाज झाला.

"कधी टोचते हे?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"झालं, काका."

"झालं?" ते एक डोळा उघडून म्हणाले. "मंग मी घाबरलो कायले?"

त्यानंतर त्यांची भूक गेली. हळूहळू नाही, पाहुणा न सांगता उठून जावा तशी. पूर्वी माझ्याकडे पोह्यांना फोडणी पडली की काका कुंपणापलीकडून विचारायचे, "तर्री हाये काय?" आता मी बोलावून आणलं तरी ते बशीकडे लांबूनच बघत. "छान दिसून रायले," एवढं म्हणत. दोन घास खाल्ले की चेहरा हिरवट व्हायचा आणि ते उठून दारात मोकळ्या हवेवर जाऊन उभे राहायचे. वजन मात्र उतरू लागलं. गाल बसले. गळ्याखालची कातडी सैल झाली. एकदा ग्रोसरीच्या दुकानात, दोन्ही हातांत पिशव्या असताना, त्यांची पँट त्यांना सोडून खाली गेली. ते जागचे हलले नाहीत. मोठ्या आवाजात म्हणाले, "मेघा, मागं पाहू नको. सरकारी औषध लागू पडलं."

कोणी म्हणे पुरे करा आता, आजारी दिसता. डॉक्टर म्हणाल्या, इथं थांबायला हरकत नाही. पण काकांचं मन भरत नव्हतं. "आणखी थोडं," म्हणायचे. "अजून तसं नाही झालं."

तसं म्हणजे कसं, हे मला पानगळीच्या दिवसांत कळलं. त्यांची गाडी विंटर टायर बसवायला दिली होती आणि त्यांना काकूंकडे जायचं होतं. काकू केअर होममध्ये आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. काका रोज जेवणाच्या वेळी तिकडे जातात, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यावर ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

घरातून ते बाहेर आले तेव्हा मी पाहत राहिले. फिकट निळा शर्ट, आत खोचलेला. पट्टा. केसांना तेल लावून एका बाजूला काढलेला भांग. थंडी असून कोट हातावर.

गाडीत काही तरी बोलावं म्हणून मी विचारलं, "गुडघे आता बरे असतील ना?"

"गुडघ्याले काय झालं?" काका म्हणाले.

मग त्यांच्याच लक्षात आलं. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"ती मले ओळखत नाही, ते तं तुले माहीत हाये," ते म्हणाले. "पण नवऱ्याले नाही विसरली ती. रोज वाट पाहते त्याची. लग्नातला मी. काडीसारखा होतो तवा. मी खोलीत गेलो का म्हणते, 'हे कोण जाडे गृहस्थ आले? आमचे हे बाहेर गेले हाये, मंग या.' मी उठतो, कॉरिडॉरमध्ये बसतो. थोड्या वेळानं पुन्हा जातो. पुन्हा म्हणते, 'मंग या.'" त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "म्हटलं, तेवढं बारीक होऊन पाहू."

सिग्नल हिरवा झालाय, हे मला मागच्या गाडीच्या हॉर्नने सांगितलं.

काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. समोर जेवणाचा ट्रे आला होता: कुस्करलेला बटाटा, वाटीत पिवळं कस्टर्ड. मी दारातच थांबले. काका पुढे गेले आणि त्यांच्यासमोर, दोन्ही हात बाजूला सोडून, मुलगी पाहायला आलेल्या नवऱ्या मुलासारखे उभे राहिले.

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. 'मंग या' म्हणाल्या नाहीत.

"बसा नं, भाऊ," त्या म्हणाल्या.

काका बसले. 'भाऊ' हा शब्द त्यांनी ऐकला हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

"किती वाळले वो तुम्ही," काकू पुढे झुकून म्हणाल्या. "गाल पाहा कसे बसले. घरी बायको जेवायले देत नाही काय?"

"देत होती," काका म्हणाले. "चांगलं करून घालत होती. आता ती... गावाले गेली."

"असं होय." काकूंनी ट्रे आपल्याकडे ओढला, चमच्यात कस्टर्ड घेतलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं. "खा."

"मले भूक नाही."

"भूक नाही म्हणते! आमचे हेही असेच. बारीक माणसाले धरूनच खाऊ घाला लागते."

काकांनी तोंड उघडलं. एक चमचा, मग आणखी एक. मला माहीत होतं त्यांना किती जातं ते. त्यांच्या कपाळावर घाम आला, घास गिळताना डोळे मिटू लागले, पण त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. कस्टर्ड संपलं. काकूंनी बटाटा पुढे घेतला. तोही संपला. मग त्यांनी पदर शोधला, तो सापडला नाही, तेव्हा स्वेटरची बाही ओढून काकांची हनुवटी पुसली.

"येईल ती," काकू म्हणाल्या. "बाया माहेराहून येतेच परत. तोवर इथं येत जा जेवायले."

"हाव," काका म्हणाले. "उद्या येतो."